ग्याल्प : नदीत दोन पाय रोवून उभी राहिलेली बाई आणि १९९६ चा बर्फाखालचा ज्वालामुखी

कातळवाट

आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्याने जाणाऱ्या रिंग रोडवर, स्काफ्ताफेलच्या जवळ, रस्त्याच्या कडेला एका जुन्या पुलाचे लोखंडी गर्डर ठेवलेले आहेत. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिथे गाडी थांबवली. ओलं धोतर पिळून टाकावं तसं ते लोखंड पिळलं गेलंय. जवळ जाऊन हात फिरवला तर गंजाचा भुगा तळव्याला लागला. बोल्टांच्या काही भोकांच्या कडा ओढल्यासारख्या लांबट झाल्या होत्या. समोर क्षितिजापर्यंत काळी रेती आणि गोटे, मागे वात्नायोकुत्ल, आइसलंडची सर्वांत मोठी हिमनदी. वारा इतका की माहितीचा फलक वाचताना एका हाताने टोपी धरून ठेवावी लागली.

हे लोखंड पिळलं ते ५ नोव्हेंबर १९९६ च्या पुरात. महिनाभर आधी वात्नायोकुत्लच्या पोटात ज्वालामुखी जागा झाला होता, त्याचं वितळलेलं पाणी त्या दिवशी एकदम बाहेर पडलं. त्या ज्वालामुखीला पुढे नाव दिलं गेलं ग्याल्प. आइसलंडी लोक ते 'ग्याउल्प'च्या जवळपास म्हणतात, मी इथे सोपं लिहितोय.

हे नाव मला ओळखीचं होतं. नॉर्स, म्हणजे जुन्या उत्तर युरोपातल्या, पुराणकथांत ग्याल्प ही एक महाकाय स्त्री आहे आणि तिची सगळ्यांत प्रसिद्ध करणी म्हणजे पूर आणणं. स्नोर्री स्टर्लुसनने १२२० च्या सुमारास गद्यात लिहून ठेवलेली गोष्ट थोडक्यात अशी.

देवांमधला कपटी लोकी ससाण्याचं पिसांचं कातडं पांघरून उडत उडत गेइररोद नावाच्या महाकायाच्या घरी जातो आणि पकडला जातो. तीन महिने पेटीत कोंडून उपाशी ठेवल्यावर तो कबूल करतो की थोर या देवाला इथे घेऊन येईन, तेही त्याच्या हातोड्याशिवाय आणि शक्तिपट्ट्याशिवाय. वाटेत थोर ग्रीद नावाच्या एका महाकाय बाईकडे मुक्काम करतो. ती त्याला सावध करते आणि स्वतःचा पट्टा, लोखंडी हातमोजे आणि काठी देते. पुढे लागते विमुर, सगळ्या नद्यांत मोठी. थोर पट्टा बांधून, काठी प्रवाहाच्या बाजूला टेकवत पाण्यात उतरतो, लोकी पट्ट्याला लटकलेला. मध्यावर पोहोचतात तर पाणी चढू लागतं, थेट खांद्याला लागतं. थोर नदीला दम देतो की तू वाढलीस तर माझी ताकदही आभाळाएवढी वाढेल. मग त्याची नजर वर घळीकडे जाते. तिथे गेइररोदची मुलगी ग्याल्प दोन काठांवर दोन पाय रोवून उभी आहे आणि पूर तिच्याकडून येतोय. ते तिचं मूत्र होतं की पाळीचं रक्त, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. स्नोर्री स्वतः स्पष्ट सांगत नाही. थोर पाण्यातला मोठा धोंडा उचलतो, तिच्यावर फेकतो आणि म्हणतो, नदी अडवायची तर उगमाशीच. नेम चुकत नाही. त्याच वेळी तो काठाला लागतो आणि रोवनच्या झुडपाला धरून वर चढतो.

पुढे गेइररोदच्या घरी थोर खुर्चीवर बसतो तर खुर्ची छताकडे उचलली जाते. खाली ग्याल्प आणि तिची बहीण ग्रेइप असतात. थोर ग्रीदची काठी वर तुळयांना लावून खाली जोर देतो आणि दोघींच्या पाठी मोडतात. खाली दडलेली बाई आणि वर उचलली जाणारी खुर्ची, हे चित्र लक्षात ठेवा.

आता १९९६. ३० सप्टेंबरच्या रात्री बार्दारबुंगा आणि ग्रीम्सवोत्न या दोन ज्वालामुखींच्या मधे, पाचशे ते सातशे मीटर जाडीच्या बर्फाखाली भेग उघडली. वरून फक्त बर्फाचा पृष्ठभाग खचताना दिसत होता. दीड दिवसाच्या आत उद्रेकाने बर्फ भेदला आणि २ ऑक्टोबरला राखेचा स्तंभ बाहेर आला. तेरा दिवसांत सुमारे ३ घन किलोमीटर बर्फ वितळला. हे पाणी बर्फाखालून वाहत ग्रीम्सवोत्नच्या झाकलेल्या सरोवरात साठत राहिलं. पाच आठवडे सगळा देश बघत होता आणि पाणी बाहेर येत नव्हतं. मग ५ नोव्हेंबरच्या सकाळी ते ५० किलोमीटर लांब, बर्फाखालच्या वाटेने स्केइदारारसांदुरच्या मैदानात आलं. रात्रीपर्यंत प्रवाह सेकंदाला ४५ ते ५० हजार घनमीटरवर गेला आणि दोन दिवसांत सगळं संपलं.

आपल्या हिशोबात सांगायचं तर कोयनेचं धरण काठोकाठ भरलं की साधारण १०५ टीएमसी पाणी असतं. त्या दोन दिवसांत त्याहून जास्त पाणी त्या मैदानावरून समुद्रात गेलं. कोयनेतून लाखभर क्युसेक सोडलं की कराड-सांगलीला काय होतं ते आपण पाहिलंय. तिथे कमाल विसर्ग १५ लाख क्युसेकच्या वर होता. माणूस एकही गेला नाही, कारण पाच आठवड्यांचा अवधी होता, रस्ता बंद केला होता आणि त्या मैदानात वस्तीच नाही.

मला या धाग्यात दोन गोष्टी बोलायच्या आहेत. एक, या महाकाय बायकांबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय. थोर, ओदिन, लोकी सगळ्यांना सिनेमांमुळे माहीत झाले, पण ग्याल्प, ग्रीद, स्कादी, हिर्रोक्किन कुणाला ठाऊक नाहीत. दुसरी, ज्यांनी त्या उद्रेकाला हे नाव दिलं त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. देशाच्या मुख्य रस्त्याचा पूल ज्या पाण्याने नेला त्याला हजार वर्षांपूर्वीच्या कवितेतलं इतकं चपखल नाव सुचायला ती कविता रोजच्या जगण्यात असावी लागते.

शेवंताबाई

फार सुंदर लिहिलंत. एक शंका. तुम्ही सगळीकडे 'महाकाय स्त्री' म्हणताय. सरळ 'राक्षसीण' का नाही? मुलीला गोष्ट सांगताना मी राक्षसीणच म्हणेन.

कातळवाट

मुलीला सांगताना मीही कदाचित तेच म्हणेन. लिहिताना मात्र अडखळलो. राक्षसीण म्हटलं की माणसं खाणारी, मारायच्या लायकीची असं आपोआप येतं. नॉर्स कथांतल्या या बायका देवांच्या आया आहेत, बायका आहेत. थोरची आई योर्द, म्हणजे धरित्री, याच कुळातली. त्याला काठी देणारी ग्रीद ही ओदिनपासून झालेल्या विदारची आई. थोरचा मुलगा माग्नी हा यार्नसाक्सा नावाच्या महाकाय स्त्रीचा. फ्रेय या देवाला गेर्द या महाकाय स्त्रीचा असा ध्यास लागतो की तिच्यापायी तो आपली तलवार देऊन बसतो आणि शेवटच्या लढाईत तलवारीविना मरतो. गेर्दने दाराशी हात उचलला तर त्या हाताच्या तेजाने आभाळ आणि समुद्र उजळले असं वर्णन आहे.

आणि स्कादी! बापाला देवांनी मारलं म्हणून ती शिरस्त्राण-चिलखत घालून एकटी देवांच्या दारात येऊन उभी राहते. देव घाबरून भरपाई देऊ करतात. नवरा निवडायचा, पण फक्त पाय बघून. सगळ्यांत देखणे पाय बाल्दर या देवाचे असतील म्हणून ती निवडते आणि तो निघतो समुद्राचा देव न्योर्द. तिला डोंगर हवा, त्याला किनारा. नऊ रात्री इथे, नऊ रात्री तिथे असं ठरतं. ते टिकत नाही, कारण त्याला लांडग्यांचं ओरडणं सोसत नाही आणि तिला समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटाने झोप लागत नाही. मग ती डोंगरात परतते, पायाला स्की बांधते आणि धनुष्य घेऊन शिकार करते. हिला राक्षसीण म्हणायला माझी जीभ वळत नाही.

सह्यकडा

भूशास्त्र शिकवतो, म्हणून बर्फाखाली काय होतं त्याची थोडी भर घालतो.

बेसाल्टचा शिलारस ११०० अंशांच्या पुढे तापलेला असतो. तो बर्फाखाली आला की स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे दहापट बर्फ वितळवू शकतो. वर पाचशे मीटर बर्फाचं वजन असतं तेव्हा त्या दाबामुळे शिलारसातले वायू मोकळे होऊन स्फोट होत नाही. शिलारस पाण्यात बाहेर येतो, पृष्ठभाग लगेच काचेसारखा गोठतो आणि उशांच्या ढिगासारखे गोळे तयार होतात. याला पिलो लाव्हा म्हणतात. वरचा बर्फ पातळ झाला, दाब कमी झाला की पाणी आणि शिलारस एकमेकांना भिडून स्फोट सुरू होतात. तापलेला शिलारस क्षणात थंड होऊन काचेच्या चुऱ्यासारखा फुटतो. ती राख म्हणजे अक्षरशः बारीक काच असते. हा चुरा पुढे घट्ट होऊन तपकिरी खडक होतो, आइसलंडमध्ये त्याला मोबेर्ग म्हणतात. उद्रेक बर्फाच्या वर पोहोचला तर माथ्यावर नेहमीसारखा लाव्हा पसरतो आणि सपाट डोक्याचा, उभ्या कडांचा डोंगर तयार होतो. हिमयुग संपून बर्फ गेला, की डोंगर उघडा पडतो. हेर्दुब्रेइद हा तिथला सगळ्यांचा लाडका डोंगर असाच झालाय. त्याला डोंगरांची राणी म्हणतात.

पाणी पाच आठवडे का थांबलं हेही सांगतो, कारण ते फार सुरेख आहे. ग्रीम्सवोत्नच्या सरोवराला बांध आहे तो बर्फाचाच. बर्फ पाण्यापेक्षा दहा टक्के हलका. सरोवराची पातळी बांधाच्या उंचीच्या साधारण नऊ दशांशापर्यंत चढली की पाणी बर्फाला खालून उचलायला लागतं. १९९६ मध्ये बांध तळापासून उचलला गेला आणि खालून पाणी पसरत गेलं. कातळवाट, तुमच्या गोष्टीतल्या त्या खुर्चीखालच्या दोन बहिणी मला इथे आठवल्या. या पुरांना आइसलंडी शब्द आहे योकुलह्लाउप, हिमनदीची धाव. जगभरचे भूशास्त्रज्ञ आता तोच शब्द वापरतात, तसाच 'सांदुर' हा रेतीच्या मैदानाचा शब्दही.

आपला सह्याद्रीही बेसाल्टचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बर्फ नव्हता, पण मुंबई परिसरात लाव्हा पाण्यात वाहिल्याच्या खुणा आहेत, या उशांच्या रचनेसकट. खडक एकच, फक्त वेळ वेगळी.

उत्तरायण

यार्नसाक्साचं नाव वाचलं आणि एप्रिल २०१० आठवला. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर मी, बायको आणि चौदा महिन्यांचा मुलगा पाच रात्री अडकलो होतो. मुंबईचं विमान रद्द, पुढचंही रद्द. विमान कंपनीच्या खिडकीवर कुणी धड उत्तर देईना. विमानतळावर कँप कॉट मांडल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मुलाचं दुधाचं पीठ संपलं. शेजारच्या खाटेवर एक तुर्की आजी होत्या. भाषा कळत नव्हती, त्या उठल्या, कुठून तरी गरम पाणी आणि दूध घेऊन आल्या आणि मुलाला मांडीवर घेऊन बसल्या. तेव्हा मला त्या ज्वालामुखीचा फक्त राग होता, नावसुद्धा उच्चारता येत नव्हतं. एयाफ्यात्लायोकुत्ल. आज येतं.

नंतर वाचत गेलो. २० मार्चला आधी डोंगराच्या कुशीत, बर्फ नसलेल्या जागी छोटा उद्रेक झाला, लोक बघायला जात होते. त्यातून दोन नवी विवरं झाली, त्यांना नावं दिली माग्नी आणि मोदी. मोदी म्हणजे थोरचा दुसरा मुलगा, आपल्याकडचं आडनाव नव्हे. त्या लाव्ह्याचं नाव गोदाह्राउन, देवांचा लाव्हा. १४ एप्रिलला मात्र शिखरावर, बर्फाखाली तोंड उघडलं आणि सह्यकडा म्हणतात ती काचेची राख वाऱ्याबरोबर युरोपावर आली. सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. म्हणजे यार्नसाक्साचा मुलगा बर्फाबाहेर शांतपणे जळत होता आणि खरा तडाखा दिला तो बर्फाखालच्या उद्रेकाने.

त्या दिवसाची एक गोष्ट मला फार आवडते. पूर मार्कारफ्ल्योत नदीच्या पुलाकडे येत होता. तिथल्या लोकांनी पूल वाचवायला स्वतःहून रिंग रोड यंत्राने खणून तोडला, म्हणजे पाणी रस्त्यातून निघून जाईल. पूल वाचला.

मंदारमाला

मग कात्लाचा उल्लेख कसा नाही? तीही राक्षसीणच ना, डोंगरात झोपलेली? एका मालिकेमुळे मला तर तेच माहीत.

कातळवाट

कात्ला महाकाय कुळातली नाही, मंदारमाला, आणि तिची खरी गोष्ट मला जास्त चटका लावते.

कात्ला ज्वालामुखी मिर्दाल्सयोकुत्ल या हिमनदीखाली आहे. लोककथेतली कात्ला ही थिक्क्वाबायरच्या ख्रिस्ती मठाची कारभारीण. जादू जाणणारी, तापट, आणि तिच्याकडे एक विजार. ती घातली की कितीही पळा, दम लागत नाही. शरद ऋतूत मठाधिपती आणि ती कुठल्याशा मेजवानीला गेले. जाताना मेंढपाळ बार्दीला बजावून गेले की आम्ही यायच्या आत सगळ्या मेंढ्या गोळा झाल्या पाहिजेत. मेंढ्या मिळेनात तेव्हा बिचाऱ्याने ती विजार घातली आणि पळत पळत सगळा कळप आणला. परत आल्यावर कात्लाला कळलं. तिने त्याला गुपचूप मारलं आणि दाराशेजारच्या आंबट निवळीच्या पिंपात बुडवलं. ही दह्याच्या निवळीसारखीच, पण मुरवलेली. हिवाळाभर मठातले लोक ती पाण्यात घालून पीत. हिवाळा सरत आला, निवळ खाली खाली जाऊ लागली आणि लोकांनी कात्लाला स्वतःशी पुटपुटताना ऐकलं, 'आता बार्दी दिसायला लागेल.' शेवटी तिने ती विजार चढवली, मठातून वायव्येला धावत सुटली आणि हिमनदीतल्या भेगेत उडी घेतली. लगेच हिमनदीतून पूर आला, तो थेट मठाच्या दिशेने.

पिंपातली पातळी उतरत जाते आणि पाप वर येतं, मग डोंगरातलं पाणी चढतं. ज्याने ही गोष्ट पहिल्यांदा रचली त्याला दोन्ही पातळ्या नीट माहीत होत्या.

आता १९१८ बघा. १२ ऑक्टोबरला कात्ला फुटला. पुराचा कमाल प्रवाह सेकंदाला ३ लाख घनमीटरच्या घरात असावा असा अंदाज आहे, म्हणजे ग्याल्पच्या सहापट. पाण्याबरोबर बर्फ, रेती आणि राखेचा चिखलही भरपूर. किनारा समुद्रात काही किलोमीटर पुढे सरकला. आणि त्या दिवशी मैदानात कोण होतं? शरदातल्या मेंढ्या गोळा करायला गेलेले आल्फ्ताव्हेरचे शेतकरी. थिक्क्वाबायरचा मठ होता तोच हा भाग. घोडे भरधाव पळवून ते वाचले. बार्दीही शरदातच मेंढ्या आणायला गेला होता.

भूमिती

कातळवाट, तुम्ही फार जपून लिहिताय. मला तर स्पष्ट दिसतंय की ही सगळी पुराणं म्हणजे ज्वालामुखींच्या आठवणीच आहेत. सृष्टीची सुरुवात कशी होते? उत्तरेला निफ्लहेइमचं बर्फ, दक्षिणेला मुस्पेलची आग, मधल्या पोकळीत दोन्ही भेटतात आणि वितळलेल्या थेंबांतून इमिर जन्मतो, सगळ्या महाकायांचा पूर्वज. शिवाय स्नोर्री म्हणतो की ते विषारी प्रवाह भट्टीतून वाहणाऱ्या मळीसारखे घट्ट झाले. हे वर्णन लाव्हा पाहिल्याशिवाय कुणी लिहीलच कसं? आणि हिर्रोक्किन! नावाचाच अर्थ आगीच्या धुराने करपलेली. बाल्दरचं प्रेतजहाज देवांना हलेना तेव्हा ती लांडग्यावर बसून येते, हातात सापांचे लगाम. पहिल्याच धक्क्याला जहाज सुटतं, खालच्या ओंडक्यांतून ठिणग्या उडतात आणि सगळी भूमी हादरते. याला अजून काय पुरावा हवा?

कातळवाट

इमिरच्या जागी मी तुमच्या बरोबर आहे. स्नोर्री आइसलंडचा माणूस होता, ती मळीची उपमा त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या कशावरून तरी घेतली असावी असं मलाही वाटतं. हिर्रोक्किनचा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो, तोही खरा.

पण ग्याल्पपाशी मी थांबतो. तिची गोष्ट स्नोर्रीच्या आधी दोन-अडीचशे वर्षं एइलीफ गोद्रूनारसन या कवीच्या थोर्सद्रापा या काव्यात आहे. हा नॉर्वेचा राज्यकर्ता हाकोन यार्ल याच्या दरबारचा कवी. त्यात नदी पार करतानाचा गोट्यांवर आपटणाऱ्या काठ्यांचा खणखणाट ऐकू येतो. नॉर्वेच्या मुख्य भूमीवर जिवंत ज्वालामुखी नाही, बर्फ वितळून दरवर्षी फुगणाऱ्या नद्या मात्र आहेत. ज्याने छातीएवढ्या गार पाण्यात पाऊल टाकलंय त्याला ही कथा सुचायला ज्वालामुखी लागत नाही. ग्याल्प या नावातच आरडाओरडा, खळखळाट आहे. हेइमदाल या देवाच्या नऊ आयांच्या यादीतही ती येते आणि त्या नऊ जणी म्हणजे लाटा असं बरेच जण मानतात. पाण्याची बाई, मुळात.

उलट मला नवल वाटतं ते हे की ज्या बेटावर ही सगळी पुराणं लिहून ठेवली गेली तिथे डोंगर सतत पेटत होते, आणि तरी कथांमध्ये पेटता डोंगर स्पष्ट असा जवळजवळ नाहीच. भूकंपाला कारण दिलंय, बांधलेला लोकी विष अंगावर पडलं की तडफडतो. डोंगरातल्या आगीला असं सरळ कारण कुठेच दिलेलं नाही.

सह्यकडा

'जवळजवळ' लिहिलंत ते बरं केलंत. एल्दग्याचा मुद्दा विसरू नका. कात्लाच्याच यंत्रणेतली ती लांब भेग, काही भाग मिर्दाल्सयोकुत्लच्या बर्फाखाली. वसाहत होऊन जेमतेम साठ-सत्तर वर्षं झाली होती तेव्हा ती फुटली. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांवरून २०१८ मध्ये तारीख पक्की केली गेली, इ. स. ९३९ च्या वसंतापासून ९४० च्या शरदापर्यंत. सुमारे २० घन किलोमीटर लाव्हा. त्याच संशोधकांनी मांडलंय की वोलुस्पा या काव्यातला जगाचा शेवट, सूर्य काळा पडतो, वाफ आणि ज्वाळा आभाळाला भिडतात, हे एल्दग्याच्या आठवणीतून आलं असावं. मला ते पटण्यासारखं वाटतं. ते सांगणारीही एक स्त्रीच आहे, महाकायांनी आपल्याला वाढवलं असं म्हणणारी द्रष्टी.

कातळवाट

हो, इथे मी मागे घेतो. वोलुस्पाचं ते कडवं एल्दग्याशिवाय वाचणं आता मला जमणार नाही.

त्यात अजून एक जोडतो. बेर्गबुआ थात्तर नावाची एक छोटी कथा आहे. हिवाळ्यात चर्चला निघालेला एक शेतकरी आणि त्याचा गडी वाट चुकून गुहेत थांबतात. आतून अंधारात दोन मोठे डोळे चमकतात आणि कुणीतरी बारा कडवी म्हणू लागतो, फुटणारे कडे, आग, हादरे. रात्रीतून तीनदा म्हणतो आणि बजावतो की हे पाठ करा, नाहीतर वाईट होईल. शेतकऱ्याला सगळं पाठ राहतं, गड्याला एकही ओळ आठवत नाही. वर्षभरात गडी मरतो. बोलणारा पुरुष आहे, धाग्याच्या विषयात बसत नाही, पण उद्रेकाचं वर्णन महाकायाच्याच तोंडी दिलंय आणि ते लक्षात ठेवायची सक्ती केलीये.

ओसरी

गेली नऊ वर्षं रेक्याविकमध्ये राहते. इतकं मन लावून आइसलंडबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं पहिल्यांदाच वाचतेय.

भाषेतली एक गंमत सांगते. महाकाय स्त्रीला इथे 'गीगुर' म्हणतात आणि ज्वालामुखीच्या तोंडालाही 'गीगुर'. लिहिताना एकात ý, एकात í, पण आजच्या उच्चारात काडीचा फरक नाही. शब्द मुळात वेगळे आहेत. मात्र माझ्या मुलीने शाळेतून येऊन विचारलं होतं, आई, त्या भोकात ती बाई राहते म्हणून त्याला तसं म्हणतात का? शिवाय देशभर 'केर्लिंग' नावाचे सुळके आहेत, म्हणजे म्हातारी. उजाडायच्या आत घरी पोहोचली नाही आणि दगड झाली, अशी प्रत्येकीची कथा. केर्लिंगारफ्योत्लच्या अख्ख्या डोंगररांगेला अशाच एका दगडी म्हातारीवरून नाव पडलंय, आणि ती रांगही बर्फाखालच्या उद्रेकांतूनच झालेली.

आणि वास. हिमनदीच्या नदीकाठी राहणारे लोक पूर यायच्या आधी वासाने ओळखतात, कुजक्या अंड्यांसारखा गंधकाचा वास. त्याला 'योक्लाफीला' असा खास शब्द आहे, हिमनदीची दुर्गंधी. वीक गावात माझी एक मैत्रीण राहते. तिथे कात्ला जागा झाला तर कुठे जायचं हे लहान पोरांनाही माहीत असतं, टेकडीवरच्या चर्चमध्ये. जुलै २०११ मध्ये कात्लाच्या बाजूने छोटा पूर आला आणि मूलाक्वीस्ल नदीवरचा रिंग रोडचा पूल गेला. आठवड्याभरात तात्पुरता पूल उभा होता. इथे पूल वाहून जाणं आणि पुन्हा बांधणं हे शेतीच्या कामांसारखं आहे.

शेवंताबाई

मुलीला काल रात्री ग्याल्पची गोष्ट सांगितली. 'राक्षसीण' न म्हणता 'डोंगराएवढी बाई' म्हटलं. तिने विचारलं, तिने पूर का आणला? मी म्हटलं, तिच्या बाबांच्या घरी कुणीतरी मारायला येत होतं. ती म्हणाली, मग बरोबर आहे. आता तिचा दुसरा प्रश्न, तो रोवन म्हणजे काय?

कातळवाट

तुमच्या मुलीला सांगा की तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

रोवन म्हणजे लालभडक फळांचे घोस लागणारं छोटं झाड, पानं आपल्या कडुनिंबासारखी दातेरी आणि ओळीने. थोर त्याला धरून वाचला म्हणून जुन्या नॉर्समध्ये म्हणच आहे, रोवन म्हणजे थोरचा आधार. आइसलंडमध्ये झाडं फार कमी, पण स्काफ्ताफेलला बर्चच्या राईत रोवन आहेत. आम्ही गेलो तेव्हा फळं अजून हिरवी होती.

त्या राईतून खाली मैदान दिसतं आणि मैदानात स्केइदारा नदीवरचा लांबच लांब जुना पूल. १९७४ मध्ये तो झाला तेव्हा रिंग रोड पूर्ण झाला, देशातला सर्वांत लांब पूल होता तो. १९९६ च्या पुरात त्याचा एक तुकडा गेला, शेजारचा गीग्याक्वीस्लवरचा पूल तर सगळाच गेला. स्केइदारावरचा दुरुस्त केला. मग २००९ मध्ये हिमनदी मागे हटल्यामुळे नदीनेच वाट बदलली आणि पश्चिमेच्या गीग्याक्वीस्लला जाऊन मिळाली. आता रस्ता एका छोट्या नव्या पुलावरून जातो. जुना पूल तिथेच आहे, खाली कोरडे गोटे. मी खांबांच्या मधे उतरून थोडा वेळ चाललो. वाऱ्याशिवाय आवाज नव्हता.